खाजणातलं कुलूप

दिवाळीनंतर गावी गेलो, तर व्हाळाच्या वळणावर पाच-सहा माणसं गोळा झालेली. जांभ्याच्या दरडीतून जिथे पाणी झिरपतं, तिथल्या डबक्यावर सप्तरंगी तवंग आला होता. तळाला शेंदरी, बुळबुळीत गाळ. ‘वरच्या अंगाला कुणीतरी गाडीचं ऑइल ओतलंय,’ असा निकाल जवळपास लागलाच होता. काकांनी गर्दीतून वाट काढली, हातातली काठी तवंगाच्या मधोमध टेकवली आणि बाजूला ओढली. तवंग फुटला. पेजेवरची साय मोडावी तसे त्याचे कोनाकोनाचे तुकडे झाले आणि ते सुटेच तरंगत राहिले.

‘तेल असतं तर काठी काढल्यावर पुन्हा मिळून आलं असतं,’ काका म्हणाले. ‘हा लोखंडाचा पापुद्रा आहे. जीवाणूंची करणी. जा घरी.’

काकांची ३१ वर्षं खाडीकाठच्या एका रसायन कारखान्यात गेली, सांडपाणी प्रक्रियेच्या विभागात. तिथल्या भाषेत ईटीपीवर. ताई भूजलतज्ज्ञ. तिच्या उमेदीची वर्षं बंगालमधल्या नळकूपांचं पाणी तपासण्यात गेली. जीवाणूंवरून दोघांचं जुनं भांडण आहे. काकांच्या लेखी ते बिनपगारी कामगार, तर ताईच्या लेखी हा काकांचा भाबडेपणा. त्या सकाळी व्हाळापासून खाली खाजणापर्यंत चालताना ते भांडण पुन्हा पेटलं. मी मागून चालत होतो. जमेल तसं टिपून ठेवलं.

काका : बघितलंस? लोकांना तिथे तेल दिसलं, मला कामावर आलेली माणसं दिसली. जमिनीखाली हवा नाही, म्हणून लोखंड पाण्यात विरघळलेलं असतं. दरडीतून बाहेर आलं, हवा लागली, की गॅलिओनेलासारखी मंडळी त्याच्यावर तुटून पडतात. लोखंडातून ऊर्जा काढून घेतात आणि गंज मागे ठेवतात. पुढे जाणारं पाणी लोखंड इथे टाकूनच जातं. याला शुद्धीकरण नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?

ताई : आणि जमिनीखाली ते लोखंड विरघळवलं कुणी?

काका : पावसाच्या पाण्याने.

ताई : नुसत्या पाण्याने गंज विरघळत असता, तर आपल्या गोठ्याच्या पत्र्यावर तो राहिलाच नसता. खालीही जीवाणूच आहेत, काका. वर हवा आहे, म्हणून वरचे गंज करतात. खाली हवा नाही, म्हणून खालचे गंज फोडतात. एका भावाने सांडायचं, दुसऱ्याने पुसायचं. तुम्ही पुसणाऱ्याचा तेवढा फोटो काढता.

काका : खालच्याला गंज फोडून मिळतं काय, ते तर सांग.

ताई : श्वास. अन्न खाल्लं की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, ते शेवटी कुणाच्या तरी गळ्यात मारावे लागतात. आपण ते प्राणवायूच्या गळ्यात मारतो, म्हणून तर श्वास घ्यावा लागतो. चिखलात प्राणवायू नाही, तेव्हा तिथले जीवाणू ते गंजाच्या कणाच्या गळ्यात मारतात. पण प्राणवायू पेशीत शिरतो आणि गंजाचा कण काही शिरत नाही. तो दगडच. मग हे जीवाणू पेशीच्या भिंतीतून बाहेरपर्यंत प्रथिनांची साखळी लावतात आणि इलेक्ट्रॉन हातोहात बाहेर पोचवतात. १९८७ मध्ये डेरेक लव्हली यांनी अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून असा जीवाणू मिळाल्याचं जाहीर केलं. पुढे त्याचं नाव जिओबॅक्टर पडलं. त्याने बाटलीतल्या तांबूस गंजाचं काळं मॅग्नेटाइट करून टाकलं. बाटलीला लोहचुंबक लावलं, की तो गाळ तिकडे ओढला जायचा.

काका : दगडावर श्वास घेणारा जीव! हा तर माझ्या बाजूचा साक्षीदार झाला.

ताई : तो कुणाच्याच बाजूचा नाही. त्याला कचरा म्हणजे काय, हेही ठाऊक नाही.

काका : तुझं बाटलीतलं झालं, आता माझं टाकीतलं ऐक. आमचा एरेशन टँक पहिल्यांदा चालू करायचा होता. साहेबांनी कल्चरची पावडर मागवा म्हणून सांगितलं. आमच्या जुन्या ऑपरेटरने त्याऐवजी ट्रॅक्टरभर शेण आणवलं, पाण्यात कालवून, गाळून टाकीत सोडलं. वर गूळ, युरिया, डीएपी. गावातले म्हणाले, कंपनी टाकीला जेवण घालतेय. काही आठवड्यांत पाणी चॉकलेटी झालं. लिटरच्या काचेच्या नळकांड्यात घ्यायचं आणि अर्धा तास ठेवायचं. गाळ खाली बसून वर नितळ पाणी राहिलं, की तब्येत बरी. आणि वास कसा, तर पहिल्या पावसात मातीला येतो तसा.

ताई : आणि तब्येत बिघडली की?

काका : एकदा रात्रपाळीला कुणीतरी रिॲक्टर धुतलेलं ॲसिड न सांगता सोडून दिलं. सकाळी टाकीवर पांढरा फेस आणि नळकांड्यात गाळ बसेचना. सगळे बग्ज मेले. पुन्हा शेण, पुन्हा गूळ. पण उभे राहिले परत.

ताई : त्या टाकीत येणारं बहुतेक कार्बनचं होतं. जीवाणूंनी खाल्लं, कर्बवायू होऊन उडून गेलं, हिशेब मिटला. पण तुमच्याकडे जस्तही यायचं ना?

काका : यायचं. जस्त, क्रोमियम, थोडं तांबं.

ताई : ते कुठे गेलं?

काका जरा थांबले. ‘गाळात,’ ते म्हणाले. ‘फिल्टर प्रेसमध्ये दाबून केक व्हायचा. पोत्यांत भरायचो.’

ताई : म्हणजे पाण्यातून काढून पोत्यात घातलं. तेल, फिनॉल, साखर यांचा शेवट करता येतो. धातूचा शेवट नसतो, काका. जस्त उद्याही जस्तच राहणार. कुठलाही जीवाणू त्याला खाऊन संपवत नाही. तो पाण्यात विरघळलेला आहे की घट्ट होऊन बसलेला, एवढाच फरक करतो. ‘जीवाणू कचरा खातात’ हे वाक्य तेलापुरतं चालतं. धातूला ते लावलं, की फसवणूक सुरू होते.

काका : एवढाच फरक म्हणतेस? विरघळलेला धातू माशात जातो, भातात जातो. घट्ट झालेला जागेवर बसतो. त्याला कुलूप लागलं म्हण. नेदरलँड्समध्ये बूडेलला जस्ताचा मोठा कारखाना आहे. वर्षानुवर्षांच्या धंद्याने त्याच्याखालचं भूजल जस्ताने आणि सल्फेटने नासलं होतं. १९९२ मध्ये त्यांनी ते पाणी उपसून टाकीत घ्यायला सुरुवात केली. टाकीत सल्फेटवर श्वास घेणारे जीवाणू, आणि त्यांना खायला अल्कोहोल.

ताई : चंगळ आहे.

काका : हस तू. हे जीवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात. सल्फाइड जस्ताला धरतं आणि जस्त सल्फाइडची पूड तळाला बसते. आता जस्त सल्फाइड म्हणजे काय? कारखाना मुळात ज्या खनिजातून जस्त काढतो, तेच! ती पूड परत भट्टीत. खाणीतून खणायचं ते सांडपाण्यातून मिळालं. बोल यावर.

ताई : बोलायचं काय, मला मान्यच आहे. टाकी आहे, पंप आहे, अल्कोहोलचा मोजून डोस आहे आणि शिफ्टवर माणूस आहे. आता टाकीबाहेर या. रायफलला चला.

काका : रायफलची गोष्ट मीच तुला सांगितली होती.

ताई : अर्धी सांगितली होतीत. अमेरिकेत कोलोरॅडो नदीकाठी युरेनियमच्या धातुकावर प्रक्रिया करणाऱ्या जुन्या कारखान्याची ती जागा. खालच्या पाण्यात युरेनियम उरलेलं. २००२ मध्ये तिथे जमिनीत ॲसिटेट सोडलं, म्हणजे व्हिनेगरचंच भावंड. आयतं खाणं मिळाल्यावर जिओबॅक्टर माजले. गंजाबरोबर ते युरेनियमच्याही गळ्यात इलेक्ट्रॉन मारू लागले आणि विरघळलेलं युरेनियम न विरघळणारं झालं. पन्नासेक दिवसांत पाण्यातलं प्रमाण झपाट्याने उतरलं. इथे तुमची गोष्ट संपते.

काका : आणि तुझी?

ताई : पुढे जवळपासचा वापरण्याजोगा गंज संपत आला. मग तुमच्या बूडेलवाल्यांचे भाऊबंद, सल्फेटवाले जीवाणू, वरचढ झाले. ॲसिटेट त्यांनी पळवलं आणि युरेनियम पुन्हा वर चढू लागलं. शिवाय जे खाली बसलं होतं, त्यालाही प्राणवायू किंवा नायट्रेट लागलं की ते पुन्हा सुटतं.

काका : मग डोस सुधारायचा. कुठला प्लांट पहिल्या दिवशी नीट चालतो?

ताई : तो डोस बंगालच्या बाटलीत घातला तर काय होतं, ते ऐका. १९७० च्या दशकापासून तिकडे नळकूपांची मोहीम जोरात निघाली, पोरं तळ्याचं पाणी पिऊन हगवणीने मरू नयेत म्हणून. हेतू चांगलाच होता. १९८३ च्या सुमाराला कोलकात्यात त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांच्याकडे वेगळेच रुग्ण येऊ लागले. अंगावर काळे-पांढरे ठिपके, तळहाता-तळपायांना खरखरीत गाठी. कारण निघालं विहिरीच्या पाण्यातलं आर्सेनिक. हिमालयातून नद्यांनी आणलेल्या गाळात ते गंजाच्या कणांना चिकटून बसलं होतं. तुमच्या भाषेत कुलूपबंद. गाळात गाडलेल्या पालापाचोळ्यावर जगणाऱ्या जीवाणूंनी त्या गंजावर श्वास घेतला. गंज विरघळला, आर्सेनिक सुटलं. २००४ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी पश्चिम बंगालचा गाळ हवाबंद बाटल्यांत ठेवला आणि काहींत जीवाणूंना खाणं घातलं. कुठलं, ओळखा.

काका : ॲसिटेट?

ताई : ॲसिटेट. आर्सेनिक बाहेर आलं. रायफलला ज्या घासाने विष बसलं, त्याच घासाने बंगालच्या गाळातलं विष उठलं. काम करणारेही तसलेच, लोखंडावर श्वास घेणारे.

काका बरंच अंतर गप्प चालले. वाटेत शेणी थापणाऱ्या कुणाला तरी त्यांनी हात केला. मग काठी आपटत म्हणाले :

काका : बंगालनेच दुसरीही गोष्ट शिकवली. गंज विष सोडतो, तसा धरतोही. अबुल हुसाम या मूळ बांगलादेशी रसायनशास्त्रज्ञाने सोनो नावाचं घरगुती फिल्टर केलं. वाळू, विटांचे तुकडे आणि लोखंडाचा थर. लोखंड गंजतं आणि तो गंज आर्सेनिक पकडतो. २००७ मध्ये त्यांना त्यासाठी ग्रेंजर पुरस्कार मिळाला.

ताई : फार मोठं काम आहे ते. पण विष तिथेही लोखंडाच्या थरात साठतं. संपत नाही.

काका : तू सगळ्या गोष्टींच्या मागे ‘संपत नाही’ लावतेस.

ताई : कारण माणसं ‘संपलं’ म्हणून दार ओढून घेतात. कॅलिफोर्नियात आयर्न माउंटन नावाची जुनी खाण आहे. तिथल्या खडकात पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक. खाण खणली, हवा-पाणी आत गेलं, आणि लोखंडाचा गंज करून जगणारे जीवाणू कामाला लागले. तुमच्या त्या दरडीवरच्या मंडळींचे आम्लात राहणारे सोयरे. असला जीवाणू नुसत्या हवेने होणारं काम दहा लाख पटींपेक्षाही जास्त वेगाने उरकतो आणि त्यातून गंधकाम्ल तयार होतं. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास. एक अंक उतरला की आम्लता दहापट. आयर्न माउंटनच्या आतल्या पाण्याचा पीएच उणे ३.६ मोजला गेला. शून्याच्या खाली. खाणवाले निघून गेले, हे अजून शिफ्टवर आहेत. आपल्याकडे मेघालयात जयंतिया टेकड्यांतल्या कोळशातही गंधक भरपूर. २०१४ मध्ये हरित लवादाने तिथल्या उंदीरबिळांसारख्या खाणींवर बंदी घातली, पण तिथले आम्ल ओढे आदेश वाचत नाहीत.

काका : तोच जीवाणू दक्षिण आफ्रिकेत सोनं काढून देतो. फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून. तिथे सोन्याचे कण पायराइटमध्ये असे अडकलेले असतात की सायनाइड पोचतच नाही. टाक्यांत हे जीवाणू सोडले, पायराइट कुरतडलं, सोनं मोकळं झालं. पूर्वी त्यासाठी धातुक भाजायचे आणि गंधकाचा धूर आकाशात सोडायचे.

ताई : टाक्यांत.

काका : हो, टाक्यांत.

ताई : जीव तोच. फेअरव्ह्यूला तो नोकर आहे आणि आयर्न माउंटनला मालक. दोन्ही ठिकाणी फरक कशाचा आहे, काका?

काका : शिफ्टचा, असं तुला म्हणायचंय.

ताई : मी नाही, तुम्ही म्हणालात.

खाजणाच्या बांधावर पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. तिवरांची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली. काकांनी चपला बांधावर काढल्या, लेंगा वर खोचला आणि पोटरीभर चिखलात उतरून मूठभर गाळ वर काढला. वरचा पातळ थर तपकिरी, त्याखाली काजळासारखा काळा. कुजक्या अंड्याचा वास बांधापर्यंत आला.

काका : ही माझी सगळ्यांत आवडती टाकी. पंप नाही, लाइट बिल नाही. भरतीच्या पाण्यात सल्फेट येतं, तिवरांचा पाला खायला असतो आणि डोंगरावरून जांभ्याचं लोखंड उतरतं. हा काळा रंग म्हणजे लोखंडाचं सल्फाइड. याच्यासोबत जस्त, तांबं, शिसं, कॅडमियम सगळं धरलं जातं. बूडेलवाल्यांनी टाकी बांधायच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे.

ताई : पारा सोडून. पाऱ्याला यांच्यातलेच काही जीवाणू मिथाइल जोडतात आणि तो पारा माशांच्या अंगात चढत जातो.

काका : पारा सोडून. आमच्याकडून निसटलेलं जस्तही इथेच कुठेतरी बसलं असेल.

ताई : निसटलेलं?

काका : पावसाळ्यात टाक्या भरून वाहायच्या. सगळ्यांना माहीत होतं. आणि कारखाना बंद झाला, तेव्हा मागच्या बाजूला गाळाचा जुना तलाव होता. त्याच्यावर लाल माती पसरली आणि जागा विकली. आता तिथे शिफ्टवर कोण, हे मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही.

ताईने तो धागा ओढला नाही. ती बांधाच्या कडेला उकिडवी बसली आणि खेकड्याच्या एका बिळाची कड बोटाने हलकेच पाडली. काळ्या चिखलात बिळाभोवती नखाएवढ्या जाडीचं तांबूस कडं होतं, मडक्याच्या काठासारखं नीट.

ताई : हे बघा. खेकड्याने बीळ केलं, पाणी खेळलं, हवा आत गेली. हवा पोचली तेवढ्या सल्फाइडचा गंज झाला. तुमचं कुलूप उघडायला दरोडेखोर लागत नाही.

काका : खेकड्यांना नको मधे घेऊस. तिवरे धरण फुटलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर पुरेसं खापर फुटलंय.

ताई : खेकड्याचं काही म्हणणं नाही. तो नखाएवढं उघडतो, आणि सुटलेल्यातलं बरंचसं त्या गंजालाच चिकटतं. पोकलेन एकरभर उघडतो. केरळात कुट्टनाडच्या कारी जमिनी आहेत, अशाच पायराइटच्या. पाणी उतरून त्या सुकल्या, हवा लागली, की आतून आम्ल तयार होतं आणि भाताची मुळं होरपळतात. खाडीतला गाळ उपसून भरावाला टाकायचा म्हणजे अशीच किल्ली फिरवायची. आणि टेंडरमध्ये त्याला ‘माती’ म्हणतात.

काका : मग तुझं म्हणणं काय, जीवाणूंवर विसंबायचंच नाही?

ताई : तुम्ही टाकीत शेण सोडलंत, गूळ घातलात आणि मग काय केलंत? घरी गेलात?

काका : घरी कसा जाईन? रोज नळकांडं भरून बघायचो.

ताई : किती वर्षं?

काका : ३१.

ताई : एवढंच माझं म्हणणं. काम त्यांचं, नळकांडं आपलं.

काका : आता माझंही ऐकून घे. तू आत्ता सुटणाऱ्या कुलपाबद्दल बोललीस. पण हे कुलूप नसतं, तर ही खाडी माझ्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतच गेली असती. आम्ही पोत्यांत भरलं ते आमच्या रजिस्टरला आहे. याने धरलं ते कुठेच लिहिलेलं नाही.

ताई : ते मला मान्य आहे.

काका : लिहून घे रे, मान्य आहे म्हणाली.

परतताना काकांनी त्या काळ्या गाळाचा नारळाएवढा गोळा केळीच्या पानात बांधून आणला आणि पडवीच्या पायरीवर ठेवला. दुपारी पाहिलं, तर त्याच्या अंगावर तपकिरी डाग उमटले होते. संध्याकाळपर्यंत अख्खा गोळा गंजाच्या रंगाचा झाला. कुणालाही वाटावं, अंगणातलंच मातीचं ढेकूळ आहे. काकांनी तो उचलला, नारळ फोडावा तसा पायरीच्या कडेवर आपटला आणि दोन्ही भकलं ताईसमोर धरली. साल तांबूस आणि आतला गर सकाळइतकाच काळा.

‘धरून आहे अजून,’ काका म्हणाले.

‘सालीपासून सुटत चाललाय,’ ताई म्हणाली.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. काकांनी दोन्ही तुकडे पुन्हा पानात घालून माझ्या हातात दिले.

‘भरती चढायच्या आत जिथून काढला तिथे पुरून ये. वरवर टाकू नकोस. कोपरभर खाली.’